दुसऱ्या रविवारचा चहा

आमच्या स्केलबेक गावच्या चर्चमध्ये मागच्या भिंतीवर एक फळा आहे. त्यावर तीन कागद कायम टाचलेले असतात. वाचन कोणी करायचं, फुलं कोणी आणायची आणि उपासना संपल्यावर चहा कोणी करायचा. पहिले दोन कागद सहसा कोणी वाचत नाही. चहाचा कागद सगळे वाचतात.

त्या कागदावर दुसऱ्या रविवारसमोर एकतीस वर्षं एकच नाव होतं, एनिड रॅम्सडेन. एनिडचा चहा भयंकर कडक असायचा. आमच्या मोठ्या तपकिरी किटलीला बारा टी-बॅग पुरतात, ती अठरा टाकायची. वर दूध ओतलं तरी रंग बदलायचा नाही. एकतीस वर्षांत हे तिला एकानंही सांगितलं नाही. आमच्याकडे असलं काही सांगत नाहीत. "वा, छान झालाय चहा" म्हणतात, आणि तिची पाठ वळली की कप खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत ओततात. ते जिरेनियम मात्र सगळ्या गावात नाही इतकं माजलंय.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एनिड गेली. खोकला म्हणून झोपली ती उठलीच नाही. अंत्यविधीला चर्च भरलं होतं. सगळ्यांनी नॉर्मनचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा हात हातात घेतला आणि एकच गोष्ट सांगितली की पावसानं उघडीप दिली हे फार बरं झालं.

मीही तेच म्हणाले. माझं नाव मेव्हिस हार्डकॅसल. चर्चची कारभारीण आहे, म्हणजे किल्ल्या, गळकं छप्पर आणि सगळ्यांच्या तक्रारी माझ्याकडे. त्याआधी तीस वर्षं शाळेत पोरांना जेवण वाढलं. दोनशे पोरांना मी एका आवाजात गप्प बसवायची. पण नॉर्मनसमोर माझीच बोलती बंद झाली. तो माझ्यापुढे तीन वर्षं गावच्या शाळेत होता, माझ्या घरापासून तिसऱ्या घरात राहतो, एनिड माझी पन्नास वर्षांची मैत्रीण, आणि तरी मला त्याच्याशी तिच्याविषयी एक शब्द बोलता येईना. चुकीचं काही बोललो आणि त्याला रडू आलं तर? मग काय करायचं? या भीतीनं आम्ही सगळेच मूग गिळून बसलो.

कोंबडा आरवायच्या आत पेत्रानं प्रभूला तीनदा नाकारलं, त्याच्यावर मी वर्षानुवर्षं नाक मुरडलं होतं. त्या फेब्रुवारीत मी नॉर्मनला तीनदा चुकवलं. एकदा दुकानात टोमॅटो सूपच्या डब्यांमागे लपून, एकदा पोस्टाच्या पेटीआड उभी राहून आणि एकदा माझ्या स्वतःच्या फाटकात, बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून. त्या बुटांना नाडी नव्हती. कोंबडा काही आरवला नाही, कारण आमच्या गल्लीतला कोंबडा नाताळाआधीच कोल्ह्यानं नेला होता.

तरी नॉर्मन दर रविवारी येत होता. नेहमीच्या बाकावर नेहमीच्या जागी बसायचा, शेजारी एनिडची जागा रिकामी ठेवायचा. बाहेर पडताना लोक त्याला त्याच्या गुडघ्याविषयी विचारायचे, कांद्याच्या रोपांविषयी विचारायचे. त्याच्या गुडघ्याची इतकी चौकशी त्याच्या डॉक्टरनंही केली नसेल.

मार्चमध्ये मातांचा रविवार आला. त्या दिवशी आम्ही डॅफोडिलच्या लहान लहान जुड्या बांधतो आणि ट्रेमधून वाटतो. बायका आपापली घेतात, पुरुष घरच्या बाईसाठी घेतात. तो ट्रे माझ्या हातात होता. नॉर्मनचा बाक आला. याच्यासमोर ट्रे धरला तर याला एनिडची आठवण होईल, असं माझ्या मनात आलं. जसा काही तो एरवी तिला विसरलाच होता! मी ट्रे झटकन उचलला आणि पुढच्या बाकाकडे नेला. जाताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसलं, त्यानं हात पुढे केला होता.

पुढच्या रविवारपासून तो यायचा बंद झाला. आणखी पंधरा दिवसांनी त्याच्या घरासमोर 'विकणे आहे' अशी पाटी लागली. मुलगी ब्रिस्टलला असते, तिच्याकडे कायमचा जाणार, असं दुकानात कळलं.

आता चहाच्या कागदाची गोष्ट. मार्चअखेरपर्यंत बॉयलर बिघडलेला होता, त्यामुळे चहाची पाळी कोणावरच आली नव्हती. तो कागद दर तीन महिन्यांनी डॉट करते. डॉट पूर्वी पोस्टात होती, तिचं अक्षर सुरेख आणि स्वभाव भित्रा. एप्रिल ते जूनचा कागद करायला बसली तेव्हा काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. "मेव्हिस, अगं, मी पेन घेऊन बसले. दुसऱ्या रविवारपाशी आले आणि हातच उचलेना. मग उठून चहा केला. परत बसले. तिचं नाव गाळायचं म्हणजे मीच तिला पुरल्यासारखं वाटायला लागलं गं." शेवटी तिनं नेहमीप्रमाणे 'एनिड' लिहिलं आणि कागद टाचून टाकला.

कागद सगळ्यांनी वाचला. अवाक्षर कोणी काढलं नाही. मीही नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी नव्या पाळकबाईंची आमच्याकडची पहिली उपासना होती. टॅम्सिन नाव, वय पस्तिशीच्या आत, तीन गावं सांभाळायची आणि गाडी अशी चालवायची की तिन्ही गावांनी प्रार्थनेला लागावं. उत्साह भरपूर. उपासना संपवताना तिनं फळ्यावरच्या कागदाकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "आणि आजच्या चहाबद्दल आपण सगळे एनिडचे आभार मानू या! एनिड, थँक यू!"

तिला कोणी काही सांगितलं नाही. डॉट खाली वाकून जमिनीवर काहीतरी शोधायला लागली. मी गीतांची पुस्तकं गोळा करायला धावले.

मागे जाऊन बघतो तर टेबलावर सात केक. चहाच्या पाळीला कोणी नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून प्रत्येकीनं गुपचूप आपला एक केक करून आणला होता. जॅमचे तीन, लिंबाचे दोन, एक सुक्या मेव्याचा आणि एक कशाचा ते कळलं नाही, तो माझा होता. पण पाण्याचा बॉयलर कोणी लावला नव्हता. केक आणणं म्हणजे मदत, पण बॉयलरला हात लावणं म्हणजे एनिडची जागा घेणं, असं प्रत्येकीला वाटलं होतं. तेव्हा आम्ही पंचवीस माणसं सात केक आणि थंडगार बॉयलर यांच्याभोवती उभे राहिलो, हवेविषयी बोललो आणि कोरड्या घशानं घरी गेलो. पाच भाकरी आणि दोन माशांत हजारो लोक जेवले म्हणतात. आमच्याकडे सात केक आणि भरलेली टाकी असून कोणाला घोटभर चहा मिळाला नाही.

मेमध्ये पुन्हा तेच. टॅम्सिननं पुन्हा आभार मानले, वर म्हणाली, "या एनिड फार लाजाळू दिसतात हं. मला अजून भेटल्याच नाहीत!" माझे कान तापले. घरी जाऊन तिला फोन करायचा असं मी ठरवलं आणि केला नाही. पण त्या रात्री एक गोष्ट लक्षात आली. जानेवारीपासून आमच्या चर्चमध्ये एनिडचं नाव मोठ्यानं घेणारं माणूस एकच होतं, आणि ते तिला ओळखत नव्हतं.

जूनमध्ये, दुसऱ्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी, मी चर्चमध्ये पितळ घासत बसले होते. पितळ घासताना डोक्याला दुसरं काम नसतं. मला लाजरची गोष्ट आठवत होती, कारण ती त्या महिन्यात मला वाचायची होती. लाजर मेला, येशू त्याच्या कबरीपाशी आला. घटकाभरात आपण याला उठवणार आहोत हे त्याला माहीत होतं. तरी तो तिथे उभा राहिला आणि सगळ्यांदेखत रडला. पावसानं उघडीप दिली, असं काही म्हणाला नाही. लाजरच्या बहिणीला तिच्या गुडघ्याविषयी विचारलं नाही. मी फडकं बाजूला ठेवलं. मला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात दार वाजलं आणि नॉर्मन आत आला. हातात तपकिरी किटली, तिच्यावर चहा गरम राहावा म्हणून एनिडनं विणलेली हिरवी टोपी. जानेवारीपासून ती किटली त्याच्याच घरी राहिली होती, बाकीच्या रविवारी आम्ही लहान किटलीवर भागवत होतो.

"ही चर्चची आहे," तो म्हणाला. "सामान बांधायला काढलंय. म्हटलं देऊन यावं. तिच्याकडची कपाटाची किल्लीही आहे."

"ठेव ना तिथं," मी म्हणाले.

तो किटली ठेवायला मागच्या टेबलाकडे गेला. टेबल फळ्याच्या बरोबर खाली. हे माझ्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. तो कागदासमोर उभा होता. बराच वेळ उभा राहिला.

"मेव्हिस," तो म्हणाला, "हे बघितलंस?"

मी बाजूला ठेवलेलं फडकं पुन्हा उचललं.

"एनिड, असं लिहिलंय. एप्रिल ते जून." त्याचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा पार उतरला होता. "पाच महिने झाले तिला जाऊन. एकतीस वर्षं बाई इथं राबली. आणि ती नाहीये हे तुमच्या लक्षातसुद्धा आलं नाही?"

मला कोणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं. आणि त्या क्षणी माझ्या ओठांवर काय आलं सांगू? 'आज हवा बरी आहे, नाही?' खरंच आलं. मी ते गिळलं.

"नॉर्मन, खाली बस," मी म्हणाले. "बस म्हणते ना!" शाळेतला आवाज लागला. तो बसला.

"लक्षात आलं नाही असं नाही रे. तिचं नाव खोडायला कोणाचा हात झाला नाही. डॉट पेन घेऊन बसली आणि रडत उठली. आणि बॉयलरला कोणी हात लावला नाही. दुसऱ्या रविवारी दोन महिने चहाच झाला नाही इथं."

"चहाच नाही?"

"थेंब नाही. पहिल्यांदा सात केक आले होते. पुढच्या वेळी नऊ."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मी टॅम्सिनचं सांगितलं. "एनिड, थँक यू" सांगितलं, ती लाजाळू आहे तेही सांगितलं. सांगताना मला वाटलं, हा आता उठून जाणार. त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. "लाजाळू!" तो म्हणाला. "एनिड लाजाळू!" आणि हसता हसता तो रडायला लागला, हुंदके देऊन, तोंड न झाकता. ज्याला मी पाच महिने घाबरत होते ते हेच. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. पितळेच्या पॉलिशनं हात काळे झालेले, तशाच हातांनी त्याचा हात धरला. आभाळ काही कोसळलं नाही. मीही रडून घेतलं.

"त्या दिवशी," मी म्हणाले, "फुलांचा ट्रे मीच पुढे नेला."

"मी हात पुढं केला होता."

"मला दिसला होता."

"तिच्या थडग्यावर ठेवणार होतो. दरवर्षी तिला देतो म्हणून."

"माफ कर मला, नॉर्मन."

एरवी आमच्याकडे यावर ठरलेलं उत्तर असतं, छे छे, त्यात काय एवढं. ते तो म्हणाला नाही. "फार वाईट वाटलं गं मला," तो म्हणाला. "वाटलं, सगळे तिला विसरले. म्हणून पाटी लावली."

थोड्या वेळानं त्यानं नाक पुसलं आणि टेबलाकडे पाहिलं. "दोन महिने चहा नाही म्हणजे काय? तिनं तुम्हाला एकेकाला धरून झापलं असतं."

"झापलं असतंच."

तो उठला, त्यानं किटली उचलली, किल्ली खिशात टाकली आणि किटली घेऊन घरी निघून गेला.

संध्याकाळी मी टॅम्सिनला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मेव्हिस, अहो, मला कोणी सांगितलं कसं नाही? मी त्यांच्यासमोर आता कोणत्या तोंडानं उभी राहू?"

"आहे त्याच तोंडानं," मी म्हणाले. "आमच्यापेक्षा तुमचंच बरं आहे, बाई. तुम्ही निदान नाव तरी घेतलंत."

रविवारी सव्वानऊला मी चर्च उघडायला गेले तर नॉर्मन दारात उभा होता. त्यानं बॉयलर भरला, कप मांडले. उपासना संपताना टॅम्सिन समोर आली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण ती सरळ बोलली. "आजचा चहा एनिडच्या पाळीचा आहे आणि तो नॉर्मन करणार आहेत. एनिडना मी कधी भेटले नाही. हे मला आता कळलं. चहा घेताना कोणीतरी मला त्यांच्याविषयी सांगा."

आम्ही रांग लावली. रांग लावायला आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. बोलायला शिकवावं लागतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत पुढे सरकत होते. डॉट सगळ्यात पुढे होती. तिनं कप घेतला, एक घोट घेतला आणि तिचे डोळे भरून आले. मग त्या भित्र्या बाईच्या तोंडून जे बाहेर पडलं ते ऐकून आम्ही गारच झालो.

"नॉर्मन, एनिडचा चहा भयंकर असायचा हो!"

म्हणाली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. नॉर्मननं किटली खाली ठेवली.

"मला सांगतेस?" तो म्हणाला. "मी सत्तेचाळीस वर्षं रोज प्यायलो. हाही तसाच केलाय. अठरा."

आधी टॅम्सिन हसली, मग सगळेच हसले. आणि मग जे बोलणं सुरू झालं ते एक वाजेपर्यंत थांबेना. बिशप न विचारता केक कापायला लागले तेव्हा एनिडनं त्यांच्या बोटांवर चमचा मारला होता ते निघालं. तिनं कोणाकोणाच्या आजारपणात गुपचूप सूप पोचवलं ते निघालं, त्यातलं निम्मं नॉर्मनलाही माहीत नव्हतं. कोणीतरी कुंडीची गोष्टही कबूल केली. "तरीच!" नॉर्मन म्हणाला. "ती मला म्हणायची, माझ्या हाताला गुण आहे, ते जिरेनियम बघ."

पाटी मात्र उतरली नाही. घराला गिऱ्हाईक लागलं होतं, गुडघा खरंच दुखत होता आणि मुलगी वाट बघत होती. मला फार वाटत होतं की त्यानं राहावं, पण तसं झालं नाही. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर तीनही महिने दुसऱ्या रविवारचा चहा त्यानं केला. डॉट नवा कागद घेऊन त्याच्या दारात गेली होती आणि तिनं सरळ विचारलं होतं, "काय लिहू?" तो म्हणाला, "आहे तेच राहू दे." सप्टेंबरच्या शेवटी त्यानं किटली आणि किल्ली माझ्या हातात दिली. एनिडच्या थडग्यावर जिरेनियमची एक फांदी लावली आणि गेला. त्याच्या जागी बसायला अजून कोणी धजत नाही, पण ते आमचं नेहमीचंच.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी बॉयलर मी लावला. टी-बॅग मोजून अठरा टाकल्या. त्या दिवशी डोंगर चढायला आलेलं एक अनोळखी जोडपं उपासनेला बसलं होतं, पाठीवर पिशव्या, बुटांना चिखल. त्यातल्या बाईनं एक घोट घेतला आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमच्याकडच्या रीतीनं ती लगेच हसली आणि शेजारी उभ्या असलेल्या डॉटला म्हणाली, "वा, छान आहे चहा. कोणी केलाय?"

डॉटनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"एनिडनं," ती म्हणाली. "फार कडक करायची ती. जानेवारीत गेली. इकडे या, सांगते."

आणि त्या बाईचा हात धरून ती तिला खिडकीतल्या बाकाकडे घेऊन गेली. मी घरी आल्यावर आधी नॉर्मनला पत्र लिहायला बसले. चार पानं झाली. हवेविषयी त्यात एक ओळ नव्हती.